उत्तरेच्या पट्टीतले फर्न : करपणं एक, कारणं वेगवेगळी

पुण्याच्या डेक्कन भागातला एक जुना बैठा बंगला. काळ्या दगडाचं जोतं, चुन्यात बांधलेली कंपाउंडची भिंत आणि या दोन्हींच्या मधे, घराच्या उत्तरेला, साधारण ३० फूट लांब आणि ४ फूट रुंद जमिनीची पट्टी. पूर्वेच्या टोकाला घरचा आंबा, पश्चिमेच्या टोकाला गाडी लावायची मोकळी जागा. या पट्टीत फर्न लावावेत ही घरच्या काकूंची फार दिवसांची हौस. जागा थंड, ओलसर, फुलझाडांना ऊन पुरत नाही. मग फर्नसाठी याहून चांगली जागा कुठली, हा त्यांचा विचार रास्तच होता.

जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन भरतं आणि त्या दिवसांत शहरभर रोपांची खरेदी जोरात असते. काकूही तेव्हाच नर्सरीतून बोस्टन फर्न, काळ्या बारीक देठाचे ॲडिअँटम, एखाद-दुसरा बर्ड्स नेस्ट आणत. फेब्रुवारीत पट्टी हिरवीगार व्हायची. मार्चअखेर कडा तपकिरी पडायला लागायच्या आणि मेच्या मध्यापर्यंत जवळपास सगळं करपलेलं असायचं. पुढच्या जानेवारीत पुन्हा नवी रोपं.

"अहो, रोज दोन वेळा पाणी घालते, तरी उन्हाने जळतात," असं काकू सांगत. माळीदादांचं मत वेगळं. पानांच्या मागे तपकिरी ठिपके आलेत, म्हणजे रोग पडलाय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी दोनदा औषधही मारलं होतं.

"पुण्यात फर्न जगत नाहीत" असं ठरवून बरेच जण हा नाद सोडून देतात. या पट्टीत मात्र असं दिसलं की काही फुटांच्या अंतरावर असलेली रोपं वेगवेगळ्या कारणांनी मरत होती आणि त्या सगळ्यांवर एकच इलाज चालला होता, तो म्हणजे आणखी पाणी. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

भिंतीवर आपोआप आलेले

एप्रिलच्या सुरुवातीला पट्टी पाहायला गेलो, तेव्हा जमिनीवरची रोपं मान टाकत होती आणि त्यांच्याच मागे कंपाउंडच्या भिंतीत, पाणी निघायला ठेवलेल्या भोकापाशी, एक नेचा, म्हणजे फर्नच, ताठ उभा होता. लांब पट्टीसारख्या पर्णिका, शेंड्याची पर्णिका सगळ्यांत लांब. हा टेरिस व्हिटाटा. जुन्या विहिरींच्या कडा, पुलांचे दगड, गटारांच्या भिंती, चुन्याचे सांधे अशा ठिकाणी तो महाराष्ट्रभर दिसतो. चुना त्याला मानवतो, ऊन तो सोसतो. त्याला कुणी लावलेलं नव्हतं आणि कुणी पाणीही घालत नव्हतं. थोडं खाली, जोत्याच्या दगडांच्या सांध्यात, बोटभर उंचीच्या वाळलेल्या काड्यांचे झुपके होते. काकू ते गवत समजून काढणार होत्या. ती मयूरशिखा होती. जुन्या किल्ल्यांच्या तटांवर दिसणारा हा छोटा नेचा पावसाळ्यानंतर पानं मिटून घेतो, मेल्यासारखा दिसतो आणि पहिल्या पावसात तीच पानं पुन्हा उघडतो.

या दोघांनी अर्धं निदान तिथेच करून दिलं. हवा, तापमान, परिसर तोच असताना भिंतीवरचे नेचे टिकतात आणि जमिनीवरचे मरतात, तर दोष निव्वळ पुण्याच्या उन्हाळ्याचा नाही.

थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत काटक फर्न म्हणजे जो हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीतही खोड जिवंत ठेवतो तो. ड्रायोप्टेरिस, ऑस्ट्रिच फर्न ही त्या यादीतली नेहमीची नावं. पुण्यात ती परीक्षाच नाही. इथली परीक्षा फाल्गुन सरता सरता सुरू होते आणि मृगाच्या पावसाला संपते. एप्रिलमध्ये दुपारचं सरासरी तापमान ३८ अंशांच्या आसपास असतं आणि हवेतली आर्द्रता दुपारी २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते. वर्षाचा ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरमध्ये उरकतो. ऑक्टोबर ते मे या काळात जो नेचा पानं गमावूनही खोड आणि मुळं शाबूत ठेवतो, तो इथला काटक. नर्सरीत "हार्डी" म्हणून जे मिळतं ते या अर्थाने काटक असेलच असं नाही.

मेलेल्या रोपांचा नकाशा

काकूंना एकच काम सांगितलं: मेलेली, अर्धी मेलेली रोपं उपटू नका, आहेत तिथेच राहू द्या. मग पट्टीचा कागदावर आराखडा काढून कुठलं रोप कुठे आणि कसं करपलंय ते टिपलं. हे काम फार थोडे लोक करतात. झाड वाईट दिसायला लागलं की पहिली गरज जागा साफ करण्याची वाटते आणि त्या सफाईत पुरावाच फेकला जातो.

पूर्वेच्या टोकाला, आंब्याच्या गर्द सावलीत, पानं फक्त शेंड्याला आणि कडांना जळली होती. जळका भाग आणि हिरवा भाग यांच्यातली रेघ स्पष्ट. नवी पानं येत होती, पण आधीच्यापेक्षा आखूड. जोत्याच्या दगडावर आणि मातीच्या पृष्ठभागावर पांढुरकी पूड जमलेली.

मधल्या भागात तेच रोप एका बाजूने चुरचुरीत वाळलेलं आणि दुसऱ्या बाजूने बऱ्यापैकी हिरवं. वाळलेली बाजू सगळ्या रोपांची एकाच दिशेला.

पश्चिमेच्या टोकाला पानांवर आधी फिकट, विटल्यासारखे डाग, मग तो भाग तपकिरी. वरची पानं गेलेली, त्यांच्याखाली झाकली गेलेली पानं मात्र हिरवी.

आणि तिन्ही ठिकाणी काही रोपं अशी, की पान ओढलं तर देठासकट हातात यावं. खोड मऊ, काळं, वास येणारं.

मधल्या भागाचं कारण सापडायला वेळ लागला नाही. तिथे बेडरूमच्या एसीचं बाहेरचं यंत्र जमिनीपासून जेमतेम दोन फुटांवर बसवलेलं आहे. एसी दुपारी आणि रात्री चालतो आणि त्याचा पंखा गरम, कोरडी हवा थेट पट्टीत सोडतो. कितीही पाणी घातलं तरी मुळं जेवढं ओढतात त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं. फर्नची मुळं बारीक, उथळ. खोल जाऊन पाणी शोधणारं सोटमूळ त्यांना नसतंच.

पूर्वेकडचं कोडं

पूर्वेकडे सावली उत्तम, वारा कमी, तरी कडा जळत होत्या. तिथे स्वयंपाकघराची खिडकी आहे आणि खिडकीतून एक पांढरी नळी खाली सोडलेली. आरओच्या यंत्राचं वाया जाणारं पाणी. काकू काटकसरी; ते पाणी गटारात जाऊ देण्यापेक्षा झाडांना जावं म्हणून त्यांनी नळी पट्टीत सोडली होती, शिवाय बादलीत साठवून बाकीच्या रोपांनाही त्या तेच घालत. पाणी वाचवण्याची ही सवय अनेक घरांत आहे आणि तिच्याबद्दल आदरच वाटतो, पण फर्नच्या बाबतीत ती घातक ठरते.

हिशोब सोपा आहे. आरओ पाण्यातले क्षार गाळून एका बाजूला करतो. समजा तीन पेले पाणी आत गेलं, एक पेला शुद्ध मिळाला आणि दोन बाहेर टाकले गेले, तर तीन पेल्यांतले जवळपास सगळे क्षार त्या दोन पेल्यांत आले. म्हणजे बाहेर पडणारं पाणी मूळ पाण्याच्या सुमारे दीडपट खारट. खडकवासल्याचं नळाचं पाणी तसं मऊ असतं, तेव्हा दीडपटीने फार बिघडत नाही. पण या बंगल्यात उन्हाळ्यात बोअरचं पाणी चालू होतं, आणि बेसाल्टमधून येणारं बोअरचं पाणी मुळातच जड. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायची पेनासारखी उपकरणं हल्ली सहज मिळतात. काकूंनी स्वतः ते बादलीत बुडवलं, मग नळाखाली धरलं, आणि दोन आकडे पाहिल्यावर पुढचं काही समजावून सांगावं लागलं नाही.

क्षार जळतात ते पानाच्या शेंड्याला, कारण पाणी तिथून उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. ऑक्टोबरपासून जूनपर्यंत जमीन धुऊन काढणारा पाऊस नसल्याने ते मातीतही साठत जातात. रोज दोन वेळा पाणी म्हणजे रोज दोन वेळा थोडं मीठ. काकू जितकी जास्त काळजी घेत होत्या तितकं नुकसान वाढत होतं, आणि ही गोष्ट त्यांना सांगताना मला वाईट वाटलं.

उत्तर दिशा म्हणजे सावली नव्हे

पश्चिमेच्या टोकाचं कारण या प्रकरणातला सगळ्यांत शिकण्यासारखा भाग आहे. "उत्तरेच्या भिंतीला फर्न लावा" हा सल्ला जवळजवळ प्रत्येक इंग्रजी पुस्तकात असतो. लंडन ५१.५ अक्षांशावर आहे. तिथे दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेलाच राहतो. पुणे १८.५ अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. मेच्या १३-१४ तारखेच्या सुमारास पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, आणि त्यानंतर जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या उत्तरेला असतो.

पण फर्नचं नुकसान त्याच्याही आधी सुरू होतं. २१ मार्चनंतर सूर्य पूर्वेच्या उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो. एप्रिलच्या मध्याला दुपारी साधारण साडेचारनंतर तो पश्चिमबिंदूच्या उत्तरेला सरकलेला असतो. मेच्या सुरुवातीला हीच गोष्ट तीनच्या सुमारास घडते. म्हणजे जानेवारीत जी पट्टी दिवसभर घराच्या सावलीत होती, तिच्यात मेमध्ये दुपारी तीनपासून पश्चिमेच्या तोंडाने ऊन सरळ आत शिरतं, लांबीच्या दिशेने. कंपाउंडची भिंत ते अडवू शकत नाही, कारण ऊन जवळपास भिंतीला समांतर येत असतं. त्याच बाजूने दुपारचा कोरडा वाराही आत घुसतो. पावसाचे ढग यायला अजून महिना असतो, आभाळ स्वच्छ असतं, आणि गाडी लावायच्या जागेची फरशी तापलेली.

काकूंनी जागा पारखली ती जानेवारीत, रोपं घेताना. त्या वेळी सावलीच होती. फर्नसाठी जागा पाहायची तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी तीन ते सहा या वेळात पाहावी. बाकीच्या महिन्यांतली सावली हिशोबात धरू नये, असं मी आता प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

उरली मऊ, काळ्या खोडाची रोपं. ती सगळी अतिपाण्याने गेलेली. बंगल्याचं कधीकाळी झालेलं दुरुस्तीचं काम, त्यातला राडारोडा, त्यावर टाकलेली काळी माती, अशी ती जमीन. काळी माती ओली झाली की हवा आत जात नाही. शिवाय माळीदादांनी रोपं पक्की बसावीत म्हणून देठांच्या बुडख्यापर्यंत माती ओढून घट्ट दाबली होती. फर्नचा गाभा, जिथून नव्या पानांच्या गुंडाळ्या निघतात, तो मातीच्या वर हवा. तो गाडला आणि रोज भिजवला की सडतोच.

आणि माळीदादांना दिसलेला रोग? ते ठिपके म्हणजे बीजाणूंचे पुंज. बोस्टनच्या जातीत ते पर्णिकेच्या कडेजवळ ओळीने बसतात, टेरिसमध्ये कडेलगत अखंड रेघ दिसते, ॲडिअँटममध्ये कडच आत दुमडून त्यांच्यावर झाकण घालते, बर्ड्स नेस्टमध्ये मधल्या शिरेपासून तिरप्या रेघा निघतात. नक्षीसारखी एकसारखी रचना असेल तर ते फर्नचं स्वतःचं. खवले कीड मात्र वाटेल तशी, पानाच्या दोन्ही बाजूंना आणि देठावर बसते, नखाने खरवडली तर एकेक सुटी निघते आणि आजूबाजूला चिकटपणा असतो. माळीदादांनी भिंग घेऊन हे सगळं लक्ष देऊन पाहिलं. आता शेजारच्या आवारांत कुणी फर्नवर औषध मारायला निघालं की तेच त्यांना थांबवतात. कडुनिंबाच्या तेलासारखी साधी वाटणारी फवारणीसुद्धा फर्नच्या पातळ पानांना भाजू शकते, म्हणून ती आधी एका पानावर करून पाहावी.

काय बदललं

एप्रिल-मेमध्ये नवं काही लावलं नाही. आरओची नळी काढून तिचं पाणी फरशी धुण्याकडे वळवलं. जिवंत रोपांना नळाचं पाणी, तेही माती बोटभर खोल कोरडी लागली तरच. करपलेली पानं कापायची नाहीत, हेही ठरवलं. वाळक्या पानांचा पसारा गाभ्यावर सावली धरतो. काकूंना ते दिसायला आवडत नव्हतं, पण त्यांनी ऐकलं.

मेच्या शेवटी जमीन उकरून राडारोडा काढला. तळाला विटांचे तुकडे पसरले आणि वाफा जमिनीपासून अर्धा फूट उंच केला. मातीत अर्धाअधिक भाग कुजलेला पालापाचोळा, बाकी जाड वाळू, थोडी तांबडी माती, थोडं शेणखत. कोकोपीट वापरलं ते दोन-तीनदा धुऊन. नारळाच्या काथ्यात मुळात क्षार असतात आणि न धुतलेलं स्वस्त कोकोपीट म्हणजे आरओच्या नळीचाच दुसरा प्रकार होतो. पश्चिमेकडे गटाराच्या दिशेने हलका उतार दिला, म्हणजे पावसाचं पाणी माती धुऊन बाहेर पडेल. १२० चौरस फुटांच्या या पट्टीवर पुण्याच्या सरासरी पावसात सुमारे ८,००० लिटर पाणी पडतं, पागोळ्यांचं वेगळं. साठलेले क्षार घालवायला याहून चांगलं काही नाही, फक्त त्या पाण्याला बाहेर जायला वाट हवी.

एसीचं यंत्र हलवायचा खर्च त्यांना नको होता. मग मधल्या भागात फर्न लावायचाच नाही असं ठरवलं आणि तिथे सुमारे सहा फूट जागेत सपाट दगड बसवले. मला हा निर्णय फार आवडला. सगळी पट्टी भरलीच पाहिजे असा हट्ट धरला असता तर तिथे दरवर्षी रोपं मेली असती. एसीचं ठिबकणारं पाणी मात्र नळीने पूर्वेकडे नेलं. ते हवेतलं बाष्प थंड होऊन तयार झालेलं असल्याने त्यात क्षार जवळपास नसतात. एप्रिलच्या कोरड्या हवेत ते फारसं मिळत नाही, मेअखेर हवा दमट झाली की वाढतं.

कुंड्यांखालच्या पाण्याच्या ताटल्याही गेल्या. आर्द्रतेसाठी त्या ठेवलेल्या होत्या, पण फायदा थोडा आणि डासांची पैदास भरपूर. त्यांच्या जागी ओल्या वाळूचे थर आले.

लागवड जूनच्या अखेरीस, दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर, आर्द्रा नक्षत्रात केली. जानेवारीत लावलेल्या रोपाला उन्हाळ्याआधी जेमतेम दोन महिने मिळतात. जूनअखेर लावलेल्याला पावसाळा, मग हिवाळा, असे आठ-नऊ महिने मुळं धरायला मिळतात.

पूर्वेला, आंब्याखाली, जुन्यांतले वाचलेले बोस्टन आणि बर्ड्स नेस्ट ठेवले. नळाच्या ठिबकण्यापाशी ॲडिअँटम, पण नर्सरीतला विदेशी नाजूक प्रकार सोडून आपल्याकडे विहिरींच्या आतल्या भिंतींवर वाढतो तो, कॅपिलस-व्हेनेरिस. चुनखडीची त्याला तक्रार नसते. त्याच्या पुढे हंसराज. हा पावसाळ्यात पानाच्या शेंड्याला मुळं फोडून पुढे चालत जातो आणि पाऊस संपला की जमिनीवरून नाहीसा होतो. तिथे काही लावलंय हे विसरून कुणी खणू नये म्हणून काकूंनी दगडांची रांग लावून ठेवली. दगडी भागाच्या अलीकडे क्रिस्टेला, ओढ्याकाठी दिसणारा साधा नेचा, आणि नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया. या शेवटच्याच्या धावत्या खोडांवर बोराएवढ्या गाठी येतात आणि त्यांत पाणी साठलेलं असतं. कोरड्या महिन्यांत तो त्यावर तग धरतो. काटकपणाचं याहून सरळ उदाहरण मला माहीत नाही.

पश्चिमेचं टोक टेरिस व्हिटाटाला दिलं. एप्रिल ते मृगापर्यंत त्या तोंडावर ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट उभी ताणायची, जमिनीला समांतर नव्हे, कारण ऊन बाजूने येतं. या नेच्याविषयी एक सूचना: तो मातीतलं आर्सेनिक मोठ्या प्रमाणात शोषून पानांत साठवतो. २००१ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी हे दाखवून दिलं. साध्या बागेत काळजीचं कारण नाही, पण जिथे जुनं रसायन लावलेलं लाकूड किंवा कारखान्याचा कचरा पडला असेल तिथल्या व्हिटाटाची पानं भाजीच्या खतात टाकू नयेत.

पश्चिमेच्या टोकासाठी विटेवर पेरणी

टेरिसची रोपं विकत मिळेनात. भिंतीवरचं मूळ रोप उपटायला काकू तयार नव्हत्या, आणि तेच योग्य होतं. पावसाळी सहलीत घाटातून नेचे उपटून आणायची सवय अनेकांना आहे; ती रोपं बहुतेक मरतात, डोंगराच्या त्या जागा उघड्या पडतात, आणि राखीव जंगल किंवा अभयारण्यातून काही आणणं कायद्यानेही गुन्हा आहे. भिंतीवरच्या एका पिकलेल्या पानाने काम भागणार होतं.

पानामागची रेघ हिरवट पांढरी असते, ती गडद तपकिरी झाली की पान कापून कोरड्या कागदात घडी घालून ठेवायचं. दोन दिवसांत कागदावर बारीक तपकिरी धूळ पडते. हीच धूळ पेरून फर्न उगवतात हे जमैकातले शल्यवैद्य जॉन लिंडसे यांनी १७९४ साली प्रसिद्ध केलं. त्याआधी नेच्याचं बी कुठे असतं याबद्दल युरोपात कित्येक शतकं तर्क आणि अंधश्रद्धाच चालल्या होत्या.

काकूंनी मऊ भाजलेली वीट घेतली, तिच्यावर उकळतं पाणी ओतलं, ती थंड झाल्यावर पाणी भरलेल्या उथळ ताटात उभी केली आणि वरच्या बाजूवर कागद हलकेच टिचकी मारून धूळ पाडली. वरून पारदर्शक डबा उपडा. विटेवर बुरशी आणि शेवाळ आधी येऊ नये म्हणून उकळतं पाणी. वीट खालून पाणी ओढत राहते म्हणून वरून शिंपायची गरज नाही. उजेड हवा, ऊन नको. साधारण दोन-तीन आठवड्यांत विटेवर हिरवट झाक दिसू लागते, मग नखाएवढ्या, हृदयाच्या आकाराच्या पातळ चकत्या. हा नेचा नव्हे, नेच्याची आधीची पिढी. तिच्या खालच्या बाजूला नर आणि मादी पेशी तयार होतात आणि नर पेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत मादीपर्यंत जाते. विल्हेल्म हॉफमाइस्टर यांनी १८५१ साली दोन पिढ्यांचं हे चक्र उलगडलं. म्हणून या टप्प्यावर वीट सुकू देता येत नाही, आणि म्हणूनच जंगलात नवा नेचा ओल्या दगडावर किंवा भिजत्या भिंतीवरच जन्म घेतो, पुढे कितीही कोरडेपणा सोसणारा असला तरी.

पहिली खरी पानं यायला आणखी दोन-तीन महिने गेले. काकू रोज सकाळी डब्यातून डोकावत आणि काय बदललं ते मला फोनवर सांगत. बोस्टनचा हा प्रयोग मात्र कुणी करू नये. बोस्टनचा मूळ वाण १८९४ साली फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या रोपांत सापडला आणि त्याचे बीजाणू उगवत नाहीत. त्याची वाढ धावत्या खोडांनी आणि आता बहुतेक प्रयोगशाळेतल्या ऊतिसंवर्धनाने होते. त्याच्या पानामागची धूळ विटेवर पेरून कुणी महिनोन्महिने वाट पाहत बसू नये.

पुढच्या उन्हाळ्यात

दुसरा मे आला तेव्हा क्रिस्टेला पूर्ण तपकिरी झाला होता, हंसराज ऑक्टोबरनंतरच दिसेनासा झाला होता आणि ॲडिअँटमची पानं निम्मी गेली होती. काकूंचा फोन आला, "पुन्हा तेच!" पण माती बाजूला केल्यावर क्रिस्टेलाचं खोड टणक होतं आणि त्यावर तपकिरी खवल्यांत दडलेल्या कोवळ्या गुंडाळ्या होत्या. मृगाच्या पहिल्या पावसानंतर आठ-दहा दिवसांत त्या उलगडल्या. बोस्टनच्या कडा या वेळी जळल्या नाहीत. कॉर्डिफोलियाने एकही पान टाकलं नाही.

सगळं जमलं असं नाही. पश्चिमेच्या टोकावर विटेवरून लावलेल्या टेरिसपैकी जी रोपं शेडनेटच्या अगदी कडेला होती ती गेली, बाकीची राहिली. पुढच्या वर्षी नेट हातभर आणखी लांब घ्यायची आहे. आंब्याच्या बुंध्यावर काथ्याने बांधलेला बाशिंग नावाचा नेचा अजून नीट धरलेला नाही. कोकणात आंब्याआंब्यावर हा नेचा दिसतो, त्याची खालची तपकिरी पानं पालापाचोळा गोळा करून स्वतःचं खत स्वतःच करतात. पण पुण्यातल्या या आंब्याची साल उन्हाळ्यात फारच कोरडी पडते. बांधलेला भाग मेलेला नाही, एक नवा कोंब आला आहे, तेव्हा या पावसाळ्यात तो सालीला चिकटतो का हे पाहायचं. आणि कॉर्डिफोलिया आता हंसराजच्या जागेत घुसू पाहतो आहे. फ्लोरिडात हा नेचा आक्रमक तण म्हणून ओळखला जातो, त्यामुळे त्याला ओढ्याकाठी किंवा टेकडीवर नेऊन टाकायचं नाही असं काकूंना बजावून ठेवलं आहे. जादा निघालेल्या गाठी काढून त्या कुंड्यांत लावतात आणि ओळखीच्यांना देतात, सोबत एक चिठ्ठी: आरओचं पाणी घालू नये, गाभा मातीत पुरू नये, आणि कुंडी कुठे ठेवायची ते एप्रिलमध्ये दुपारी चार वाजता ठरवावं.